दुधाची पावती निघाली नाही, मग नोंद झाली का? संगणकातला आकडा प्रिंटरपर्यंत कसा जातो, जाणून घ्या सविस्तर

सकाळची वेळ, डेअरीवर रांग लागलेली. कॅन काट्यावर ठेवला, वजन झालं, फॅट लागली, स्क्रीनवर आकडेही दिसले. पण पावती काही बाहेर आली नाही. ऑपरेटर म्हणतो, "प्रिंटर अडकलाय, संध्याकाळी घ्या." आता शेतकऱ्याने काय समजायचं? दूध जमा झालं की नाही?

अशा वेळी दोन चुका होतात. काही जण पावती नाही म्हणजे दूध मांडलंच नाही असं धरून वाद घालतात. काही जण "असेल मांडलेलं" म्हणून निघून जातात आणि बिलाच्या दिवशी एक वेळ कमी भरते. या दोन्हींचं मूळ एकच आहे. नोंद आणि पावती या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, हे बऱ्याच जणांना कोणी सांगितलेलंच नसतं. नोंद संगणकात राहते, पावती ही तिची छापील नक्कल असते. एक झाली म्हणून दुसरी झालीच, असं नसतं.

नोंद कुठे राहते?

पूर्वी डेअरीत जाड रजिस्टर असायचं. सभासद क्रमांक, लिटर, फॅट, दर, रक्कम असे रकाने आखलेले असत. आज तेच रजिस्टर संगणकात असतं. त्याला डेटाबेस म्हणतात. फरक इतकाच की इथे हजारो नोंदींमधून हवी ती नोंद क्षणात सापडते आणि बेरीज हाताने करावी लागत नाही.

समजा, सभासद क्रमांक ११२ ने सकाळी गायीचं ६.४ लिटर दूध घातलं. फॅट ३.८, एसएनएफ ८.५ आणि त्या दिवशी त्या प्रतीला दर ३४ रुपये. रक्कम झाली २१७ रुपये ६० पैसे. डेटाबेसमध्ये ही एक ओळ तयार होते. त्यात तारीख, सकाळ की संध्याकाळ, वेळ आणि पावती क्रमांकही असतो.

चांगल्या डेटाबेसचा एक नियम असतो. नोंद होईल तर पूर्ण होईल, नाहीतर अजिबात होणार नाही. लिटर लिहिले आणि तेवढ्यात लाईट गेली म्हणून रक्कम कोरी राहिली, असं अर्धवट काम तो ठेवत नाही. त्यामुळे लाईट गेल्यावर प्रश्न एवढाच विचारायचा, की आपली ओळ आत आहे की नाही.

आकडा कागदावर येईपर्यंतचे टप्पे

१. काटा आणि फॅट मशीन आपले आकडे संगणकाला देतात. काही ठिकाणी ऑपरेटर ते हाताने टाकतो.

२. सॉफ्टवेअर दरपत्रक बघून रक्कम काढतं आणि नोंद डेटाबेसमध्ये जपून ठेवतं. इथे दूध "मांडलं" गेलं.

३. सॉफ्टवेअर तीच नोंद डेटाबेसमधून परत वाचतं आणि पावतीच्या साच्यात बसवतं. वर संस्थेचं नाव, खाली सभासदाचं नाव, मग आकडे.

४. तयार पावती छपाईच्या रांगेत उभी राहते. विंडोज संगणकात ही रांग सांभाळणाऱ्या भागाला प्रिंट स्पूलर म्हणतात. प्रिंटर दुसऱ्याची पावती छापत असेल, तर आपली पावती मागे थांबते.

५. रांगेतून ती वायरने किंवा वायफायने प्रिंटरकडे जाते.

६. प्रिंटर कागदावर छापतो.

दूध मांडलं जातं ते दुसऱ्या टप्प्यात. पावती येते सहाव्या टप्प्यात. दुसऱ्यानंतरच्या चार टप्प्यांत कुठेही काम अडलं, तरी नोंद जागेवर असते. मात्र काम दुसऱ्या टप्प्याआधीच अडलं असेल, तर नोंदही नाही आणि पावतीही नाही. म्हणून ऑपरेटरला "पावती का नाही?" असं विचारण्याआधी "माझी नोंद स्क्रीनवर दाखवा" असं म्हणायचं.

नेटवर्क प्रिंटर म्हणजे काय?

साधा प्रिंटर एका वायरने एकाच संगणकाला जोडलेला असतो. नेटवर्क प्रिंटर थेट राउटरला जोडलेला असतो, वायरने किंवा वायफायने. त्यामुळे ऑफिसातला संगणक, खिडकीवरचा दुसरा संगणक आणि सचिवांचा मोबाइल, तिघंही त्याच प्रिंटरवर छापू शकतात. सेवा केंद्र, पतसंस्था, बाजार समिती, तहसील कार्यालय अशा ठिकाणी हीच पद्धत सोयीची पडते.

अशा प्रिंटरला एक पत्ता असतो. त्याला आयपी पत्ता म्हणतात. उदाहरणार्थ, १९२.१६८.१.५०. घराला जसा नंबर, तसा हा नेटवर्कमधल्या यंत्राचा नंबर. त्या घराला दारंही असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. बहुतेक नेटवर्क प्रिंटर ९१०० क्रमांकाच्या दारातून छपाईचा मजकूर घेतात. याशिवाय ५१५ आणि ६३१ या क्रमांकांची दारंही छपाईसाठी ठरलेली आहेत. सॉफ्टवेअरला बरोबर पत्ता आणि दार माहीत असलं, की पावती पोहोचते.

इथे एक मोठा गैरसमज आहे. "नेट गेलंय, म्हणून पावती निघत नाही," असं सर्रास सांगितलं जातं. पण संगणक आणि प्रिंटर एकाच राउटरला जोडलेले असतील, तर त्या दोघांमधल्या छपाईला इंटरनेट लागत नाही. राउटर चालू असला म्हणजे झालं. बाहेरचं इंटरनेट बंद असलं तरी आतला रस्ता चालू राहतो.

मात्र डेटाबेस कुठे आहे, हे महत्त्वाचं आहे. तो डेअरीच्याच संगणकात असेल, तर नेट गेलं तरी नोंदही होते आणि पावतीही निघते. तो दूरच्या सर्व्हरवर असेल, तर नेट गेल्यावर नोंद तिथपर्यंत पोहोचतच नाही. काही सॉफ्टवेअर अशा वेळी नोंद तात्पुरती संगणकात ठेवतात आणि नेट आल्यावर पुढे पाठवतात. आपल्या डेअरीत कोणती पद्धत आहे, हे सभासदांनी सचिवांना एकदा विचारून ठेवावं.

"पाठवलं" म्हणजे "छापलं" नव्हे

९१०० च्या दारातून मजकूर पाठवण्याची पद्धत एकदम साधी आहे. संगणक मजकूर ओततो, प्रिंटर तो आपल्या छोट्याशा मेमरीत घेतो. मजकूर पोहोचला एवढं संगणकाला कळतं. तो कागदावर उमटला की नाही, हे प्रिंटरला वेगळं विचारावं लागतं आणि प्रत्येक सॉफ्टवेअर ते विचारतंच असं नाही. त्यामुळे स्क्रीनवर "प्रिंट झाली" असं येतं आणि इकडे रोल संपलेला असतो.

म्हणूनच चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक नोंदीपुढे पावती किती वेळा छापायला पाठवली याची खूण ठेवलेली असते आणि "पुन्हा छापा" असं वेगळं बटण असतं. या बटणाने निघणाऱ्या पावतीवर तोच जुना पावती क्रमांक येतो, शक्यतो "दुसरी प्रत" असा शेराही येतो. नवी नोंद तयार होत नाही.

खरा घोटाळा होतो तो वेगळ्याच ठिकाणी. पावती आली नाही म्हणून ऑपरेटर घाईत तेच आकडे पुन्हा टाकतो. मग एकाच दुधाच्या दोन नोंदी होतात. वरच्या उदाहरणात २१७ रुपये ६० पैशांऐवजी ४३५ रुपये २० पैसे लागतात. शेतकऱ्याला वाटतं, आपला काय तोटा? पण संस्थेने वर पाठवलेलं दूध आणि मांडलेलं दूध जुळत नाही, तेव्हा शोध घेतला जातो. पुढच्या बिलातून कपात होते आणि कधीकधी कापताना भलत्याच सभासदाची नोंद उडते. म्हणून पुन्हा नोंद नको, पुन्हा छपाई हवी.

मराठी नावाच्या जागी चौकोन का येतात?

पावतीवर नावाच्या ठिकाणी चौकोन, प्रश्नचिन्हं किंवा विचित्र इंग्रजी अक्षरं आली, की "प्रिंटर खराब झाला" असं म्हटलं जातं. बहुतेक वेळा प्रिंटर ठणठणीत असतो.

पावतीच्या छोट्या थर्मल प्रिंटरमध्ये इंग्रजी अक्षरं आणि आकडे आतच बसवलेले असतात. संगणकाने "अमुक अक्षर" एवढं सांगितलं, की प्रिंटर ते छापतो. मराठी अक्षरं मात्र बऱ्याच प्रिंटरमध्ये आत नसतात. काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षर यांची जुळणीही त्याला येत नाही. मग सॉफ्टवेअरला मराठी मजकुराचं चित्र तयार करून पाठवावं लागतं.

५८ मिलिमीटरच्या रोलवर एका ओळीत साधारण ३२ इंग्रजी अक्षरं बसतात. ती पाठवायला ३२ बाइट पुरतात. तीच ओळ मराठीत चित्र करून पाठवायची, तर रुंदीला ३८४ ठिपके लागतात. उंची २४ ठिपके धरली, तरी ११५२ बाइट होतात. म्हणजे ३६ पट. त्यामुळे जुन्या प्रिंटरवर मराठी पावती सावकाश निघते आणि गर्दी टाळायला काही डेअऱ्या नावं इंग्रजीतच ठेवतात.

दुसरं कारण जुन्या फॉन्टचं. युनिकोड रुळण्याआधी अनेक संस्थांनी सभासदांची नावं श्रीलिपी, कृतिदेव अशा फॉन्टमध्ये टाकून ठेवली. त्या पद्धतीत डेटाबेसमध्ये खरं तर इंग्रजी अक्षरांचे संकेत साठवलेले असतात, फॉन्ट त्यांना मराठी रूप देतो. संगणक बदलला आणि तो फॉन्ट नव्या संगणकात टाकला नाही, की नावाच्या जागी अगम्य इंग्रजी दिसतं. यावर कायमचा उपाय एकच, सगळी नावं एकदा युनिकोडमध्ये बदलून घेणं. हे काम करताना प्रत्येक सभासदाने आपलं नाव वाचून खात्री करावी, कारण फॉन्ट बदलताना जोडाक्षरं बिघडू शकतात.

घोडं नेमकं कुठे अडतं? लक्षण आणि उपाय

• पावती कोरी निघते: थर्मल रोल उलटा बसवलेला असतो. या कागदाला एकाच बाजूने रसायनाचा थर असतो. नखाने घासून बघा, काळी रेघ उठेल ती छपाईची बाजू.

• काल चालू होता, आज प्रिंटर "ऑफलाइन" दाखवतोय: लाईट जाऊन आल्यावर राउटरने प्रिंटरला नवा आयपी पत्ता दिला असेल. सॉफ्टवेअर मात्र जुन्याच घरी जाऊन दार वाजवतंय. राउटरमध्ये प्रिंटरचा पत्ता कायमचा ठरवून टाकावा.

• मोबाइलवरून पावती जात नाही: मोबाइल वायफाय सोडून मोबाइल डेटावर गेलेला असतो. मोबाइल आणि प्रिंटर एकाच वायफायवर हवेत.

• संध्याकाळी अचानक सकाळच्या वीस-पंचवीस पावत्या एकदम निघाल्या: त्या रांगेत अडकून पडल्या होत्या. नोंदी सकाळच्याच आहेत, नव्या नाहीत. पावती क्रमांक आणि वेळ बघा.

• एकही पावती पुढे सरकत नाही: रांगेतली पहिलीच पावती बिघडलेली असेल. तेवढी काढून टाकली, की मागच्या सुटतात. पावती रांगेतून काढल्याने डेटाबेसमधली नोंद जात नाही.

• छपाई फिकट येतेय: थर्मल प्रिंटरला शाई नसते, तो उष्णतेने कागद काळा करतो. छपाईची पट्टी धुळीने भरली असेल किंवा रोल जुना झाला असेल.

• प्रिंटरचा पत्ताच माहीत नाही: बऱ्याच पावती प्रिंटरमध्ये कागद पुढे सरकवायचं बटण दाबून धरून प्रिंटर चालू केला, की चाचणीची चिठ्ठी निघते. नेटवर्क प्रिंटर असेल तर त्यावर आयपी पत्ता छापलेला असतो.

बिल पावत्यांवरून बनत नाही

बऱ्याच डेअऱ्यांत दर दहा दिवसांनी बिल निघतं. सकाळ-संध्याकाळ धरून दहा दिवसांत २० नोंदी होतात. महिन्याच्या शेवटच्या बिलात, महिना ३१ दिवसांचा असेल तर २२. हे बिल काढताना संगणक तुमच्या घरातल्या पावत्या बघत नाही. तो डेटाबेसमधल्या ओळींची बेरीज करतो. मधल्या काळात एखादी नोंद दुरुस्त झाली किंवा पुसली गेली, तर बिलात बदललेलाच आकडा येणार. तुमच्या हातातली पावती मात्र जुना आकडा दाखवत राहते.

पावतीचं खरं मोल इथे आहे. नोंद त्या वेळी काय होती, याचा तो पुरावा आहे. पण थर्मल कागद ऊन, उष्णता, तेलकट हात आणि प्लास्टिकच्या पाकिटात फिका पडतो. खिशात आठवडाभर राहिलेली पावती पुष्कळदा वाचताही येत नाही. म्हणून पावती हातात पडताच मोबाइलवर फोटो काढा. महिन्याचा एक अल्बम केला, की बिल आलं त्या दिवशी दहा मिनिटांत ताळा होतो.

पडताळताना चार गोष्टी बघा: एकूण नोंदी किती, लिटरची बेरीज, प्रत्येक वेळचा दर आणि कपातीची रक्कम. नोंदींची संख्या कमी भरली, तर कोणती तारीख आणि कोणती वेळ गायब आहे ते आधी शोधा. मग सचिवांकडे तोंडी न सांगता लेखी द्या आणि आपल्या प्रतीवर पोच घ्या.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. काट्यानेच वजन चुकीचं दिलं, तर डेटाबेस ते इमानदारीने जपून ठेवतो आणि प्रिंटर ते सुबक छापून देतो. त्यामुळे कॅन ठेवण्याआधी काटा शून्यावर आहे का ते बघा. काट्यावर वैधमापन शास्त्र विभागाचा चालू मुदतीचा शिक्का आहे का, हेही बघा.

सातबाऱ्यालाही हाच नियम

सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. याची नोंद शासनाच्या डेटाबेसमध्ये असते. सेवा केंद्रात निघतो तो छापील कागद. सातबारा मोफत बघता येतो, पण ती प्रत फक्त माहितीसाठी असते. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १५ रुपये शुल्क भरून महाभूमीच्या संकेतस्थळावरून मिळतो. ही सोय १ मे २०१८ पासून सुरू झाली. त्यावर तलाठ्याची वेगळी सही किंवा शिक्का लागत नाही. त्यावरचा १६ अंकी पडताळणी क्रमांक संकेतस्थळावर टाकला, की नोंद समोर दिसते. जमिनीचा व्यवहार करताना समोरच्याने दिलेला कागद कितीही स्वच्छ छापलेला असला, तरी हा क्रमांक टाकून बघितल्याशिवाय इसार देऊ नका. संगणकावर कागदातला मजकूर बदलून छापणं अवघड नसतं. शासनाच्या डेटाबेसमधली नोंद मात्र त्याने बदलत नाही.

केंद्रात पैसे भरले आणि प्रिंटर बंद पडला, तर पुन्हा शुल्क भरायची घाई करू नका. फाइल संगणकात उतरली असेल, तर ती दुसऱ्या प्रिंटरवर छापता येते. तीच फाइल आपल्या मोबाइलवर मागून घ्या.

नावात किंवा क्षेत्रात चूक असेल, तर केंद्रचालकाशी भांडून उपयोग नाही. तो फक्त छापतो. संगणकीकरणात झालेल्या लेखनाच्या चुकीसाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १५५ खाली अर्ज करता येतो. तलाठी कार्यालयात त्याची माहिती मिळते.

रेशनच्या ई-पॉस मशीनचंही तसंच. अंगठा लागला आणि पावती आली नाही, म्हणून दुकानदाराने पुन्हा अंगठा मागितला, तर पहिल्या व्यवहाराचं काय झालं ते आधी मशीनवर दाखवायला सांगा.

डेअरी आणि सेवा केंद्र चालवणाऱ्यांसाठी

• संगणकाबरोबर राउटर आणि काटाही यूपीएसवर घ्या. संगणक चालू आणि राउटर बंद, असं झालं तर पावती निघणार नाही.
• प्रिंटरचा आयपी पत्ता कायम करून तो प्रिंटरवर चिकटवून ठेवा.
• रांग सुरू होण्याआधी एक चाचणी पावती काढा. एक रोल जादा ठेवा.
• डेटाबेसचा बॅकअप रोज घ्या आणि तो त्याच संगणकात न ठेवता बाहेर ठेवा.
• नोंद दुरुस्त करायची वेळ आली, तर जुना आकडा, नवा आकडा, तारीख आणि कोणी बदलला हे लिहून ठेवा. सभासदाला तिथल्या तिथे सांगा.
• छपाई बंद असेल त्या दिवशी सभासदाच्या कार्डावर हाताने लिटर आणि फॅट लिहून सही करा.

पावती आली नाही तर सभासदाने काय करायचं?

१. नोंद स्क्रीनवर दाखवायला सांगा. सभासद क्रमांक आपलाच आहे ना, बघा.
२. स्क्रीनचा फोटो घ्या किंवा पावती क्रमांक लिहून घ्या. डेअरीकडून एसएमएस येत असेल, तर तो पुसू नका.
३. आकडे पुन्हा टाकू देऊ नका. "पुन्हा छापा" म्हणा.
४. प्रिंटर दुरुस्त झाल्यावर राहिलेली पावती मागून घ्या.
५. बिलाच्या दिवशी ती तारीख आणि वेळ आठवणीने तपासा.